टरफल

वाळूजला रात्रपाळीत माझ्याकडं काचेची सहा पोटं असतात.
सदतीस अंशांचं पाणी, वर झाकण, आत फिरणारं पातं,
मिनिटाला पन्नास फेरे.
एकेका पोटात एकेक गोळी सोडायची
आणि घड्याळ लावून बसायचं.
पहिला तास, दुसरा, चौथा, आठवा.
सिरिंजनं थोडं पाणी ओढायचं, नळीवर आकडा लिहायचा.
जे जायचं ते चोवीस तासांत जावं,
पहिल्याच तासाला घाई केली
तर अख्खी बॅच परत.

इथं घाईला नापास करतात,
असं मी एकदा फोनवर सांगितलं
तर आई म्हणाली, "मग तुला काऊन घेतलं कामावर?"

सेलूत, रेल्वेफाटकाच्या अलीकडं,
माझा भाऊ मुंजाजी रोज सकाळी सात वाजता तोंड उघडतो.
आई गोळी ठेवते, तांब्या देते,
मग म्हणते, जीभ वर कर.
डावीकडं. उजवीकडं. हं.
एकतीस वर्षांचा माणूस, दाढी वाढलेली,
शाळेत दात तपासायला डॉक्टर यायचे
तेव्हासारखा उभा राहतो.

आधीच्या गोळ्या दिवसाला तीन. त्या तो गालात धरायचा
आणि जाईच्या आळ्यात थुंकायचा.
त्या वर्षी जाई कशी फुलली, कुणी पाहिलं नाही.
गल्ली म्हणायची, नावच मुंजाजी, मुंजा लागणारच.
पिंपळाला दोरे गुंडाळून झाले, परभणी झाली,
मग ही: दिवसाला एक.
चावायची नाही, फोडायची नाही,
कुटून भाकरीत तर मुळीच नाही.

मार्चमध्ये, ऐन चौथ्या तासाला, आईचा फोन.
आवाज दाबलेला.
"गोळी तशीच पडायली गं.
जशी गिळली तशी.
तीन महिने झाले, फसवायलेत आपल्याला."
तिनं ती काडीनं उचलली होती, धुतली होती,
काड्यापेटीत घालून देवळीत ठेवली होती.
पुरावा म्हणून.

रविवारी गेले. काड्यापेटी उघडली.
म्हटलं, आई, हे टरफल आहे.
याला एक भोक असतं, केसाएवढं.
पोटातलं पाणी झिरपून आत शिरतं, आतला एक थर फुगतो
आणि औषधाला ढकलत राहतो भोकातून, हळूहळू, दिवसभर.
घर तसंच राहतं, राहणारा निघून जातो.

"असलं वंगाळ बोलू नको," ती म्हणाली. "दुसरं काही सांग."

मग मी परसातल्या लिंबाकडं बोट केलं.
त्याच्या बुडाशी तिनंच पुरलेला माठ,
बुडाला भोक, भोकात चिंधी,
एकदा भरला की तीन दिवस बघायला नको.
ती माठाकडं बघत राहिली बराच वेळ.
"माठ काही संडासात सापडत नाही," म्हणाली,
पण काड्यापेटी तिनं पुन्हा मागितली नाही.

मला थांबायला पाहिजे होतं. मी पुढचंही सांगितलं:
आमच्याकडं आता आठवड्याची चाललीय.
पोटात गेली की चांदणीसारखी उघडते,
हात पसरून बसते, वाट अडवून धरल्यासारखी,
आणि सात दिवस थोडं थोडं देते.
अजून काचेतच आहे, माणसांना नाही.

आईनं बोटं मोडली. "म्हणजे फक्त बाजाराच्या दिवशी?"
"हो."
"आणि मधल्या सकाळी?"
मुंजाजी ओट्यावर शेंगा फोडत होता.
मान न उचलता म्हणाला, "आ करीन की. फुकटच तर हाय."
आई हसली नाही. तिनं पदरानं
त्याच्या दाढीतला फोलपटाचा तुकडा काढला.

सोमवारी रात्री वाळूज.
पाचव्या पोटातली गोळी बुडाला चिकटलेली, पातं वरून फिरतंय.
ते निस्तरून मी काड्यापेटी भिंगाखाली धरली.
भोक होतं. स्वच्छ, गोल.
हलवून पाहिलं, आत काही वाजलं नाही.
सवयीनं वही ओढली आणि लिहिलं:
नमुना, सेलू. शिल्लक, शून्य.
वेळेचा रकाना
कोराच ठेवला.